चिखलगाडी कुणाकडे जावी याबाबत

मी, खाली सही करणारा, धंद्याने चष्मेवाला, आता दुकान मुलीवर सोपवून मोकळा झालेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या बाबतीत मेहुण्याने चारचौघांत जी शंका काढली होती, ती आता निकालात निघाली आहे, याची त्याने नोंद घ्यावी.

कलम १. घर. राहते घर पहिल्यापासून माझ्या पत्नीच्या (यापुढे 'ही') नावावर आहे. त्यामुळे ते कुणाला देण्याचा मला अधिकार नाही. मी त्याचा फक्त व्हरांडा पाडला आहे. ती हकीकत लोक तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून खरी इथे नोंदवतो. टाकीचा पाइप फुटून अंगणात चिखल झाला होता आणि त्यात माझी एसयूव्ही रुतली. पुढच्या बंपरवर नवी कोरी विंच होती. तारेचा दोर गुंडाळत गाडीने स्वतःलाच ओढून काढायचे, असे ते यंत्र. दोर भक्कम झाडाला बांधावा असा नियम आहे. अंगणात झाड नव्हते. मी तो व्हरांड्याच्या खांबाला बांधला आणि बटण दाबले. गाडी तसूभर हलली नाही, व्हरांडा मात्र गाडीकडे आला. विंच उत्तम प्रतीची आहे, एवढेच यातून सिद्ध होते.

कलम २. चष्म्यांचे दुकान, कपाटे व तपासणीची यंत्रे मुलीला. ती ते माझ्यापेक्षा चांगले चालवते. मात्र "बाबा कुठे असतात?" असे गिऱ्हाइकाने विचारल्यास "गाडीखाली" असे उत्तर देणे तिने बंद करावे. माझ्यानंतर तर ते बरे दिसणारच नाही.

कलम ३. शिल्लक. बँकेत शोधू नये. ती पोलादी पत्र्याच्या रूपाने गाडीच्या पोटाखाली बसवलेली आहे.

कलम ४. हत्यारे. सगळे पाने, जॅक आणि हवा भरायचा पंप मुलीला. त्यातली निम्मी हत्यारे गॅरेजवाल्याची आहेत. ती त्याने ओळखून न्यावीत. ओळखू आली नाहीत तर मुलीने त्याला चष्मा द्यावा.

कलम ५. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. ही गाडी मी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडून जुनी घेतली. बाईंनी ती घर ते दवाखाना एवढीच चालवली होती. पांढऱ्या कातड्याच्या सीटा, पाठ शेकायची सोय, आणि चाकांवर स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या. बटण दाबले की गाडी ऐटीत वर उचलली जाई. पण संध्याकाळी ताठ उभी केलेली गाडी सकाळी पाहावी तर पोट टेकून बसलेली. मेहुणा म्हणाला, "दाजी, पिशव्या गळतायत. काढा आणि साध्या स्प्रिंगा घाला."

मी म्हणालो, "अरे, एवढ्या शाही गाडीला स्प्रिंगा?"

"शाही आहे ना? मग रोज सकाळी अंगणात लोळते कशाला?"

तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. पुढे मी गुपचूप स्प्रिंगा घातल्या, पण तो आसपास असला की "वा, काय हवेवर उठली!" असे मोठ्याने म्हणत राहिलो. सबब, त्या चारही फाटक्या पिशव्या मेहुण्याला देण्यात याव्यात. त्याचे बरोबर होते. हे वाक्य माझ्या हयातीत त्याला वाचून दाखवू नये.

कलम ६. गाडी. आता मुद्द्याचे. हिने मला तोंडावर सांगितलेले आहे, "तुमच्यामागे माझा पहिला फोन भंगारवाल्याला." मला मरणाची भीती वाटत नाही, त्या फोनची वाटते. मुलीला गाडी धुऊनपुसून विकायची आहे आणि मेहुण्याचा विषय संपलेला आहे. मग द्यायची कुणाला, या विचाराने माझी झोप उडाली होती.

अशात मुलीने मला गाडी घेऊन एकट्याने नदीच्या पात्रात जायची बंदी केली, म्हणून ही प्रथमच सोबत आली. वाळूत चारही चाके रुतली. मी खोदायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो. पाठ धरली. हिने मला मागच्या सीटवर आडवे घातले, केसातल्या पिनेने चारही टायरांतली हवा कमी केली, छोटा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरला पाय जेमतेम लावत गाडी अलगद काठावर आणली. आजवर हिने बाजाराच्या छोट्या गाडीपलीकडे काही चालवलेले नाही.

"हे तू कुठे शिकलीस?" मी पडल्या पडल्या विचारले.

"जेवताना दुसरं काय ऐकते मी? वाळूत हवा काढायची, पाय जपून लावायचा. भाजीत मीठ आहे की नाही, ते एकदा तरी बोललात का?"

मला इतका आनंद झाला की रडू आले. पाठीमुळे आले असे हिला सांगितले.

सबब, गाडी विंच व स्नॉर्केलसह (पाण्यातही इंजिनाला हवा मिळावी म्हणून छतापर्यंत नेलेली नळी) हिला देत आहे. हिने ती धुवावी, पण पॉलिश करू नये. समोर कायम पेटलेल्या लाल दिव्यावर मी काळी चिकटपट्टी लावली आहे. ती काढू नये, उगाच घाबरायला होते. आणि फोन करू नये, ही हात जोडून विनंती.

वकिलीणबाईंनी बजावले आहे की साक्षीदार असा हवा ज्याला या कागदातून काही मिळणार नाही. मिळणाऱ्याने साक्षीला सही केली तर त्याचा वाटा बुडतो.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार १: गॅरेजवाला (सही). स्वतःचीच हत्यारे परत मिळणे हा लाभ नव्हे, असा खुलासा वकिलीणबाईंनी केला.

साक्षीदार २: शेजारी यायचे होते. तेवढ्यात ही हात पुसत आली, सगळे वाचले आणि त्यांच्या जागी सही ठोकून मोकळी झाली.

"अहो वहिनी, काय केलंत! आता गाडी तुम्हाला मिळत नाही," वकिलीणबाई ओरडल्या.

"माहितीये. म्हणून तर केली. हे नसताना मी ती घेऊन जाऊ कुठे? रुतले तर शेजारी बसून चुका कोण काढणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मेल्यावर देताय कशाला? किल्ली आत्ता द्या."

पुरवणी. कलम ६ बुडाले आहे. गाडीला वारस नाही आणि नवा कागद होईपर्यंत मला मरता येत नाही. हे अक्षर हलले आहे म्हणून कुणी माझ्या प्रकृतीविषयी शंका घेऊ नये. गाडी ही चालवत आहे.

ठिकाण: चालकाच्या शेजारची सीट, नदीचे पात्र.
तारीख: वकिलीणबाईंच्या शिक्क्यात आहे तीच, दुपार.