दाजींच्या गाडीची फाईल

१६ जानेवारी, गुरुवार

दाजींना माती दिली. क्रिस्टीनाताई माझ्याजवळ उभी राहिली नाही. मी मूठभर माती घेऊन पुढे झालो तेव्हा तिच्या सासऱ्यांनी तोंड फिरवलं.

काल सकाळी शाळेला निघाले होते. राहुरीच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या, ओव्हरटेकला गाडी बाहेर काढली, समोरून ट्रक. दवाखान्यात दोन तास शुद्धीवर होते. ताईला एवढंच म्हणाले, "गाडी ओढलीच न्हाई."

त्या इंजिनाला हात मी लावला होता. हे आता सगळ्यांना माहीत आहे.

१७ जानेवारी

गॅरेजचं शटर उघडलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

लिहूनच टाकतो.

सप्टेंबरात दाजी माझ्या नागापूरच्या गॅरेजवर आले. योहान सर म्हणून शाळेत दरारा, पण माझ्याशी कायम थट्टा. म्हणाले, "नोहा, ही डिझेल गाडी पाच माणसं बसली की रडायला लागती. काहीतरी कर." मी लॅपटॉप जोडला. गाडीच्या कॉम्प्युटरमधली, इंजिनाचा जोर ठरवणारी कंपनीची फाईल काढली, माझी घातली. टर्बोचा दाब थोडा वाढवला, डिझेल थोडं जास्त. तासाभराचं काम. बायपासला नेली, त्यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दिला, आणि गाडी अशी सुटली की ते मोठ्यानं हसले. दिवाळीत सगळ्यांना घेऊन भंडारदऱ्याला गेले. तिथून फोन — घाट कळलासुद्धा नाही!

ताईला ते पटलं नव्हतं. नाताळात मला बाजूला घेऊन म्हणाली, ते आता कुणाच्या मागं थांबतच नाहीत, ते तुझं काढून टाक. मी म्हणालो, ताई, तुला गाडीतलं काय कळतं. दाजींना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो. ते पण हसले. ती आत निघून गेली.

माझ्या सेटिंगमुळे एखादा सेन्सर बिघडला, तर इंजिन स्वतःला वाचवायला ताकद तोडतं. पाहिलंय मी असं. ऐन ओव्हरटेकमध्ये तोडली असेल तर दाजींना मीच मारलं. दुसरा शब्द नाही त्याला.

२४ जानेवारी

पोलिसांनी गाडी सोडली. ताईच्या सासऱ्यांचा निरोप — ते डबडं तूच घेऊन जा, आमच्या दारात नको. क्रेननं आणली. पुढचा भाग राहिलाच नाही. कॉम्प्युटरची पेटी मात्र शाबूत. काढून टेबलावर ठेवली. पुढे हात होईना.

२५ जानेवारी, शनिवार

पेटी लॅपटॉपला जोडून वाचली. बिघाडाची एकही नोंद नाही.

आणि फाईल माझी नाही! कंपनीची आहे, मूळची. तीनदा ताडून पाहिली. माझं काहीच नव्हतं त्या गाडीत. टेबलावर डोकं टेकून रडलो — आनंदानं. लिहायलाही लाज वाटते. उद्या चर्चनंतर सगळ्यांसमोर सांगणार. पाळकसाहेबांनाही.

२६ जानेवारी

चर्चला गेलो नाही.

सकाळी दाढी करताना डोक्यात आलं — मग फाईल बदलली कोणी? हे काम नगरमध्ये आम्ही दोघं-तिघंच करतो. केडगावला करणला फोन लावला. तो म्हणाला, "तुमच्या ताई आल्या होत्या. संक्रांतीच्या दिवशी. पहिल्यासारखी करून द्या म्हणाल्या, सरांना सांगू नका म्हणाल्या."

संक्रांतीची सुट्टी. दाजी घरीच, ताई बाजाराच्या नावानं गाडी घेऊन गेली असणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अपघात.

चार महिने दाजींचा पाय त्या ताकदीला सरावला होता. ट्रॉल्या दिसल्या, रोजच्यासारखी गाडी बाहेर काढली, पाय दाबला. आणि जोर आलाच नाही. म्हणून म्हणाले ते, गाडी ओढलीच न्हाई.

ताईनं त्यांना वाचवायला केलं. माझ्याकडे आली असती तर मी दाजींना सांगितलं असतं, चार दिवस जपून चालवा. पण माझ्याकडे ती कशाला येईल? नाताळात आली होतीच की एकदा.

२८ जानेवारी

करणकडे जाऊन आलो. हे कुणापाशी बोलू नको म्हणालो. त्यानं कारण विचारलं नाही. त्यालाही कळलं असावं.

२९ जानेवारी

वाचलेली फाईल पुसली. पेटी हातोड्यानं फोडली.

२ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. एकटीच. बस म्हणालो तर बसली नाही.

"नोहा, मी ते करणकडून काढून घेतलं हुतं. आदल्या दिवशी. गाडी ओढली न्हाई, ती त्यामुळं का?"

मी म्हणालो, "न्हाई ताई. करणचं काम बसलंच नव्हतं. गाडीत माझीच फाईल हुती."

तिनं माझ्या कानाखाली मारली, आणि खाली बसून मोकळी रडली.