आडवं वाचायचं होतं

"आई, आडवं वाचा." तीन शब्द होते. तेवढे बोलायला तुझ्या जिभेला फोड आला होता का? चार वर्षं गिळून बसलीस, आणि मग निघून गेलीस ती अशा ठिकाणी, जिथे येऊन भांडताही येत नाही!

मनीषा,

चि. लिहिणार होते, पण आता कसली चिरंजीव. आशीर्वाद लिहावा तर तो द्यायला तोंड असावं लागतं. म्हणून नुसतंच मनीषा.

दुसरीपर्यंतची शाळा माझी. पत्र लिहायची सवय नाही. जुईच्या वहीची पानं फाडून लिहिते आहे. तुझ्या लेकीचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, पण हे तिला सांगून लिहून घेण्यासारखं नाही. चुका काढत बसू नकोस. लाल पेन तिकडे नेलं नसशील अशी आशा आहे.

काल तुझ्या शाळेत तुझ्या आठवणीचा कार्यक्रम झाला. तुला जाऊन वर्ष झालं. तिथे तू कंप्युटरवर काढलेल्या चित्रांच्या गोष्टी भिंतीवर दाखवल्या. त्या बघून घरी आले, तेव्हापासून कुणाशी बोललेले नाही. अनिलला वाटतंय, सुनेच्या आठवणीने आई गप्प झाली. वाटू दे. खरं कळलं तर पोटचा पोरगासुद्धा तोंड फिरवील.

तुला माहीतच आहे, मी वाचायला शिकले मंडईत. तीस वर्षं वांगी, गवार, भेंडी विकली. पुडीला रद्दी यायची, ती वाचायची. बोट ठेवून, रकाना वरून खाली. कागद पुडीपुरता फाडलेला असायचा. खून झाला एवढं कळायचं, कुणी केला ते दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर घरी गेलेलं! पण वाचायचे. आपल्या क्वार्टरमधल्या बायकांत सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी मी एकटी. केवढा माज होता मला त्याचा!

आणि मग तू घरात कंप्युटर आणलास. शाळेला कुठल्याशा कंपनीने जुना प्रोजेक्टर दिला होता, आणि तुझ्या डोक्यात आलं की चौथीचा अभ्यास चित्रांच्या गोष्टीतून शिकवायचा. शाळेतून आलीस की तो माऊस धरून बसायचीस. आधी माणूस काढलास तर तो दुधी भोपळ्यासारखा दिसायचा. मी म्हटलं, "चौथीच्या पोरांना शिकवतेस की स्वतः चौथीत आहेस?"

"दोन्ही, आई," तू म्हणालीस. मान वरसुद्धा केली नाहीस.

तू मला सांगायचीस, मी ऐकल्यासारखं करायचे. अपूर्णांक म्हटलं की पोरं खाली बघतात. म्हणून गोष्ट करायची. भिंतीवर एका वेळी एकच चौकोन दाखवायचा, आणि पोरांनी उत्तर दिल्याशिवाय पुढचा आणायचा नाही. चित्रातला बोलण्याचा फुगा कधीकधी रिकामाच ठेवायचा, पोरांनी तो भरायचा. मला वाटायचं, पगार मास्तरणीचा आणि धंदा सिनेमाचा.

एकदा तू माझ्याजवळ येऊन बसलीस. "आई, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, हे तुम्ही न लिहिता कसं करता हो?" मी शेंगा निवडत होते. म्हटलं, "करायचं काय त्यात? दोन पावशेरी मापं टाकली की अर्धा. त्यात आणखी एक टाकलं की पाऊण. गिऱ्हाईक काय पाटी घेऊन उभं राहतं?" तू हसलीस. कागदावर काहीतरी टिपून घेतलंस. मला वाटलं, थट्टा करते आहे.

आणि पुढच्याच आठवड्यात मला तो कागद सापडला. टेबलावर पडला होता, छापलेला. पानावर चार चौकोन, वर दोन, खाली दोन. आणि त्यातल्या एकात मी! नऊवारी माझं, नाकावरचा तीळ माझा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, तीसुद्धा काढली होतीस!

मी बोट ठेवलं आणि वाचलं. पेपर वाचते तसंच. डावा रकाना वरून खाली, मग उजवा वरून खाली. डावीकडे वर वर्गातली पोरं विचारतात, "पाव आणि अर्धा मिळून किती? न लिहिता कोण सांगेल?" त्याच्याखाली पोरं विचारतात, "आणि काटा कोण मारतंय?" मग उजवीकडे वर मी, हात वर करून: "मी!" आणि माझ्याखाली तागडीला लोंबकळणारं माकड: "मी!"

मनीषा, मंडईतल्या बाईला वाटेल ते म्हणावं. भांडकुदळ म्हणावं, महागडी म्हणावं. काटा मारते म्हणू नये. तीस वर्षांत एका पोराला गवारीची एक शेंग कमी दिली नाही मी. आणि सून भर वर्गात सांगते, आमची म्हातारी वजनात मारते. वर माकडाची साक्ष!

तू घरी यायची वाट बघायची होती ना मी? विचारायचं होतं ना? नाही. कागद मुठीत धरला आणि चालत शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या टेबलावर आपटला.

"हे शिकवता होय पोरांना? सासू काटा मारते म्हणून?"

"बसा आजी, बसा. काय झालं?"

"बसायला नाही आले! तीस वर्षं बसूनच होते मंडईत. आणि ही काल घरात आलेली मुलगी मला चोर ठरवते!"

मोठ्या बाईंनी कागद हातात घेतला. वाचला असेल का? आता मला वाटतं, नुसता बघितला. त्यांना वाचायची गरज नव्हती, बंद करायला नुसतं निमित्त हवं होतं. "मी आधीच म्हणत होते, पुस्तक कपाटात आणि कार्टून भिंतीवर. हे एक दिवस अंगाशी येणार," असं म्हणून त्यांनी तुला बोलावलं.

तू आलीस, हाताला खडू लागलेला. मी तुझ्यासमोर कागद धरला आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. हे बघ. मग हे. मग हे! तुझे डोळे माझ्या बोटाबरोबर वरून खाली गेले. तिथे थांबले. मग तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, चोरी सापडली म्हणून गप्प झाली.

"मनीषाबाई, काही म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही, बाई. चूक माझी आहे. चौकोनांना आकडे घालायला हवे होते."

आकडे? मला वाटलं, घाबरून बरळते आहे. आणि तू काय म्हणालीस मला? "चला आई, ऊन व्हायच्या आत घरी सोडते."

पण मी कसली ऐकते! मोठ्या बाई म्हणाल्या, लेखी द्या. कारकुनाने तक्रारीचा अर्ज लिहिला, मी खाली सही केली. अंगठा नाही, सही. तुझ्यासमोर, ऐटीत, इंदूबाईतला ऊकार अगदी नीट काढून.

दुसऱ्या दिवसापासून तुझा प्रोजेक्टर कपाटात गेला. आणि मी? मी क्वार्टरमधल्या घराघरांत सांगत फिरले. "शिकलेली सून आणली, तिने मला माकडाच्या पंगतीला बसवलं." बायका "अगंबाई!" म्हणायच्या, मला आणखी चेव यायचा. तू पाणी भरायला खाली गेलीस की त्या गप्प व्हायच्या. तुला कळत होतं ना? मग मला एकदा तरी तोडून का नाही बोललीस?

आजारपणात तर किती वेळ होता! आठ महिने तुझ्या उशाशी होते मी. पेज भरवली, अंग पुसलं, त्याचं कौतुक नको, ते कुणीही करतं. तू म्हणायचीस, "आई, पेपर वाचून दाखवा ना." आणि मी बोट ठेवून वाचायचे, वरून खाली. तू डोळे मिटून ऐकायचीस. तेव्हा सांगायला काय हरकत होती? कोण होतं तिथे तिसरं? की माझ्या हातातला पेपर गळून पडेल असं वाटलं तुला?

काल मला कळलं. शिंदेबाईंनी दिवे मालवले. त्या ह्या प्रकरणानंतर शाळेत लागलेल्या, त्यांना आधीचं काही ठाऊक नाही. तू जाण्याआधी त्यांना तुझी सगळी चित्रं सीडीत भरून दिली होतीस म्हणे. भिंतीवर एकच चौकोन आला. "पाव आणि अर्धा मिळून किती? न लिहिता कोण सांगेल?" शिंदेबाई थांबल्या. समोर बसलेली पोरं ओरडली, "मी! मी!" मग दुसरा चौकोन आला. मी! हात वर करून, चित्रातल्या पोरांच्या आधी! सगळा हॉल हसला. मग तिसरा: "आणि काटा कोण मारतंय?" आणि चौथ्यात ते माकड, तागडीला लोंबकळत: "मी!"

मी मनातल्या मनात तो कागद परत समोर धरला आणि बोट आडवं फिरवलं. डावीकडून उजवीकडे. मग खाली. बस. एवढंच होतं.

आणि पुढचं पानही होतं! ते मी कधी बघितलंच नव्हतं. त्यात मी "पाऊण!" म्हणते आणि माकडाचा कान धरते, आणि माकडाने किती चोरलं ते पोरांनी काढायचं. चोराला पकडणारी मी होते. तू मला गणिताची बाई केलं होतंस, मनीषा, आणि मी तुझा फळा पुसून आले.

नंतरच्या गोष्टींत प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात आकडा होता. एक, दोन, तीन, चार. दाखवायला बंदी होती, तरी घरी बसून काढत राहिलीस, आणि आकडे घालत राहिलीस. शिंदेबाई सांगत होत्या, "मी विचारलं होतं त्यांना, आकडे कशाला? तर म्हणाल्या, एकदा माझ्यामुळे एका वाचकाचा गोंधळ झाला." वाचक म्हणालीस! अडाणी म्हणाली असतीस तर आज मला जरा बरं वाटलं असतं.

आणखीही सांगत होत्या, तुझ्याच तोंडून ऐकलेलं. बंद झाल्यावर पोरं तुला महिनाभर विचारायची, "बाई, माकड कधी येणार?" तू म्हणायचीस, "गावाला गेलंय."

आता कालची खरी गोष्ट सांगते. दिवे लागल्यावर शिंदेबाई म्हणाल्या, "मुलांनो, ह्याच त्या आजी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी उभी राहिले. नमस्कार केला. गुलाबाचं फूल दिलं ते घेतलं. टाळ्या घेतल्या, मनीषा! तुझ्या कार्यक्रमात!

मोठ्या बाई भाषणात म्हणाल्या, "काही कारणाने हा उपक्रम थांबवावा लागला." पुढच्या रांगेतल्या एका मुलीने लगेच विचारलं, "काय कारण, बाई?" मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फुलाकडे बघितलं. "होतं काहीतरी. बस खाली," त्या म्हणाल्या.

चहाच्या वेळी शिंदेबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आम्हाला परत सुरू करायचंय हो आजी. पण कुणा पालकाची लेखी तक्रार फाइलीत आहे, ती असेपर्यंत मोठ्या बाई हो म्हणत नाहीत. कोण असेल असं?"

मी काय म्हटलं असेल? "असेल कुणी अडाणी," म्हटलं.

"हो ना!" शिंदेबाई म्हणाल्या.

सत्तरी ओलांडली मी. आजवर कुणाच्या बापाला घाबरले नाही. आणि एका चहाच्या कपापुढे घाबरले. लाज वाटते. तू माझा मान राखलास असं लोक म्हणतील. मी म्हणते, कशाला राखलास? वर्गात चाळीस पोरं होती, त्यांचं माकड गेलं ते माझ्या मानापायी. एवढा महाग होता का माझा मान? चार लोकांत म्हणायचं होतंस, "आई, तुम्हाला हे वाचता येत नाही." मी थयथयाट केला असता, आठ दिवस जेवले नसते. नवव्या दिवशी भूक लागली असती! माणूस लाजेने मरत नाही. मी अजून जिवंत आहे की.

रडायला मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. करायला जमतं, ते करते. उद्या शाळा भरायच्या आधी मी मोठ्या बाईंसमोर उभी राहीन आणि तो अर्ज मागे घेईन. कारकुनाला लिहू देणार नाही. माझ्या अक्षरात लिहीन: चित्रांची गोष्ट मला वाचता आली नाही, सुनेचा काही दोष नव्हता. मग शिंदेबाईंना सांगेन, ती अडाणी मीच. आणि ज्या ज्या घरात जाऊन तुला नावं ठेवली, त्या प्रत्येक घरात परत जाईन. चहा घेणार नाही. हे माझं वचन समज. मी माप कमी देत नाही, हे तरी तुला ठाऊक होतं.

तुझी सासू,
इंदूबाई

ता. क. ही चिठ्ठी अनिलच्या हाती लागलीच तर त्याने पुढचं मोठ्या बाईंना जसंच्या तसं सांगावं. गोष्टी परत सुरू झाल्या की ती मुलगी पुन्हा विचारणार, मधे बंद का होतं? तेव्हा बाईंनी तिला खाली बसवायचं नाही. आणि उत्तर त्यांनी द्यायचं नाही, शिंदेबाईंनीही नाही. पोरीला तसंच उभं ठेवायचं आणि मला बोलवायचं. उत्तर मी द्यायचं.