धुळाकाकांचं रान

मलकापूर, २८ जून २०२३

ती. आबांस, शि. सा. न.

फोनवर आपण दोघंही चिडतो, म्हणून लिहिते. गेल्या तीन वर्षांचा पाऊस मांडून पाहिला, त्यात सोयाबीन बसतं. माळावरची बाजरी, हुलगा या साली सोडा आणि चारही एकर सोयाबीनच पेरा. घरात पदवी घेतलेली मी एकटीच. तिचा आपल्या मातीला उपयोग होऊ दे.

आशीर्वाद असू द्यावा.
संयोगिता


वाडी, ९ ऑगस्ट

चि. संयोगिता हिस अनेक आशीर्वाद.

आमी बरं हाय. पाऊस न्हाई. सोयाबीन फुलाआधीच करपलं. एक गोष्ट लपवली, ती सांगतो. मी खालच्या दोनच एकरांत सोयाबीन टाकलं. माळावर बाजरी पेरली, हुलग्याचं बी राखून ठेवलं. तुझी आई म्हणाली, पोरीचा शब्द मोडू नगा. मग तुला बोललोच न्हाई.

बिघडलं ते म्होरं. शेजारचा धुळा पारावर इचारत आला, पोरीनं काय पेराय सांगितलं? चार माणसांत तुला कमीपणा नको, म्हणून म्या निस्तं ‘सोयाबीन’ म्हणलं. माझं मी काय केलं, ते गिळलं. त्यानं दीडच्या दीड एकर सोयाबीन टाकलं. आता बांधावर बसून असतो. ते बघून लय लागतं.

जिवाला जप.
तुझा आबा


मलकापूर, १६ ऑगस्ट

ती. आबांस, शि. सा. न.

पत्र तीनदा वाचलं. मी तीन वर्षं मोजली, ती तिन्ही भरल्या पावसाची. तुम्ही चाळीस पाहिलीत, ती मी विचारलीच नाहीत. पण माझा मान धुळाकाकांच्या दीड एकरापेक्षा मोठा नव्हता, आबा.

रविवारी पहिल्या एसटीने येते. आपली बैलं आधी काकांच्या रानात जातील. सोयाबीन मोडून हुलगा पेरू. एखादी सर आली तरी तो तगतो. बी उरलं तर आपल्या रानात, नाहीतर ते पडीक राहील. पारावर मीच सांगेन, की सल्ला माझा होता आणि आबांनी स्वतः तो ऐकला नव्हता. तुम्ही शेजारी उभे राहा, पण मला सावरून घेऊ नका.

आणि पुढच्या पेरणीला मला तोंडावर न्हाई म्हणा.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची संयोगिता