छतातली शिट्टी

प्रिय कप्तान,

इंजिनरूममधल्या माणसाला कप्तान म्हटलेलं तुला आवडत नाही हे ठाऊक आहे, पण लग्नाआधीपासून म्हणत आलेय, आता जीभ वळणार नाही. तुमच्या बोटीवर या आठवड्यात चढणारा नवा कुक आपल्याच भागात राहतो असं कळलं, म्हणून हे पाकीट त्याच्या हाती देतेय. बाबा म्हणाले, बरोबर काहीतरी खायचंही दे. दिलंय. कुकच्या हातात खाऊचा डबा सोपवणं म्हणजे तसं धाडसच आहे, तुझ्यापर्यंत पोचला तर तुझं नशीब.

आधी गाडीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. सनरूफवाली गाडी हवी हा हट्ट तुझा होता. रात्री काच सरकवून तारे बघू म्हणाला होतास. तारे दोनदा बघितले असतील, बाकी सगळी वर्षं आपण त्यातून डोक्यावर ऊन घेतलं. त्या उन्हानेच काचेभोवतीचं रबर वाळून कडक झालं. मागच्या कोपऱ्यात त्याला चीर पडली आणि पाऊस झाला की डाव्या सीटवर थेंब पडायला लागले. बाबांच्या मांडीवर पडले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, तुमच्या गाडीला लाळ गळायला लागलीय." त्याच सुमारास मला एक शिट्टी ऐकू यायला लागली. मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की वरून, जरा डावीकडून, बारीक आणि एकसुरी. मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले की त्यांच्या वयाच्या माणसाला असले बारीक आवाज येत नाहीत, पण रबर फाटलंय म्हणजे वारा शिट्टी मारणारच.

गॅरेजवाल्याने वर नुसतं बोट फिरवलं आणि अख्खी चौकटच बदलायला सांगितली. बाबांना ते पटलं नाही. दवाखाना बंद केल्यापासून त्यांचे हात शिवशिवत असतात, तुला माहीतच आहे. म्हणाले, "जन्मभर लोकांच्या दातांतल्या फटी बुजवल्या, ही तर नुसती काच आहे. घरीच करू." नवं रबर मागवलं. ते आलं त्या दिवसापासून बाबा त्याची गुंडाळी सोडून टेबलावर कडेकडेने ठेवायचे, सरळ व्हावं म्हणून, आणि जेवताना आम्ही ताटं त्याच्या आत मांडायचो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी कामाला बसलो. बाबांनी आपली जुनी हत्यारं काढली होती, दात खरवडायची आणि तो छोटा आरसा. काचेचे स्क्रू आतून काढायचे होते आणि काच वरून दोघांनी उचलायची होती. मला तिचीच भीती वाटत होती. मी स्टुलावर उभी, हातात एवढी जड काच, आणि बाबा पलीकडून "एक, दोन" म्हणतायत. "तीन" मला ऐकू आलं नाही. त्यांनी उचलली, मी नाही उचलली, काच तिरकी झाली. कशीबशी सावरली. मला वाटलं, आपलं लक्ष नव्हतं.

मग जुनं रबर सोलून काढलं. ते हातात भुगा होऊन येत होतं. खाचेत राहिलेला गोंद बाबांनी त्या हत्याराने इतका हळुवार खरवडला की मला गाडीला भूल दिलीय असं वाटायला लागलं. कोपऱ्यातल्या पाणी जायच्या भोकांत कचरा साचला होता, तो नायलॉनच्या दोऱ्याने मोकळा केला. खाच स्पिरिटने पुसली. नवं रबर मागच्या बाजूच्या मधोमध सुरू करून, न ताणता, अंगठ्याने दाबत दाबत सगळीकडून फिरवून परत तिथेच आणलं. बाबा सारखे सांगत होते, ताणू नका, ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि सांध्यात फट पडते. काच परत बसवली, छताच्या पातळीत आली का ते बाबांनी डोळे मिटून नखाने चाचपून बघितलं. तुला तिथे उभं करून दाखवायला हवं होतं. तुझे वडील त्या दिवशी फार खुशीत होते.

शेवटी पाण्याची परीक्षा. मी टॉर्च घेऊन आत बसले, दारं लावून घेतली, आणि बाबांनी नळीने वरून पाणी सोडलं. डोक्यावर नुसता धबधबा. मी कोपरान् कोपरा बघितला, बोट फिरवलं, कापडाचं छत चाचपलं. एक थेंब नाही. मग बाबांनी नळ बंद केला. काचेवरून पाणी ओघळून गेलं आणि गाडीत एकदम शांत झालं.

आणि ती शिट्टी चालूच होती.

गाडी बंद होती रे. चावी माझ्या खिशात होती. वारा नव्हता, वेग नव्हता. मी मान फिरवली तर ती मानेबरोबर फिरली. उजव्या कानात बोट घातलं तर नुसती तीच उरली. बाबांनी काचेवर टकटक केली आणि खुणेनेच विचारलं, कसं काय? मी दार उघडून म्हटलं, "कोरडं ठणठणीत." त्यांनी विचारलं, "आता रस्त्यावर नेऊन शिट्टी बघायची ना?" आम्ही नेऊन आलो. मी म्हटलं, "गेली." त्यांचा चेहरा बघून दुसरं काही म्हणवलंच नाही.

त्यानंतर मी एकेक गोष्ट आठवायला लागले. औषधांच्या दुकानात काउंटरवर हल्ली मी उजवी बाजू पुढे करून उभी राहते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तू निघालास त्या दिवशी गर्दीत माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून काहीतरी पुटपुटलास आणि मी हसले. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. गर्दीमुळे असेल असं तेव्हा मी धरून चालले. मग एक आजी औषध घ्यायला आल्या. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं, मला त्याच्यासारखंच दुसरं ऐकू आलं, आणि मी त्या दुसऱ्याचं पाकीट पिशवीत घातलं. आजी म्हणाल्या, "अगं, माझं निळं असतं, हे पांढरं कसं?" मी माफी मागून बदलून दिलं. त्या गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन खाली बसले. त्यांच्या पाकिटाचा रंग त्यांना ठाऊक होता म्हणून निभावलं. सगळ्यांना ठाऊक नसतो.

तरी मी कुणाला बोलले नाही. भीतीचं असं असतं की बोललं नाही तर ती खरी नाही असं वाटत राहतं. मी कानात तेल घातलं, रोज वाफ घेतली, सर्दी असेल म्हणून स्वतःची समजूत काढली. गाडी चालवताना मागून कुणी हॉर्न दिला तर तो कुठून येतोय ते कळेना, म्हणून गाडी वळवताना मी दोन दोनदा मान वळवून बघायला लागले.

बाबांच्या लक्षात आलं ते गाडीतच. ते माझ्या डावीकडे बसले होते. बऱ्याच वेळाने मी सहज त्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "सूनबाई, मी तुम्हाला मघापासून तीनदा हाक मारली." मी म्हटलं, विचारात होते. त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर मला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, कापसाची वात केली आणि म्हणाले, "डोळे मिटा. गालाची नस कानाच्या नसेच्या शेजारून जाते. मी गालाला लावतो, दोन्हीकडे सारखं वाटतं का सांगा." उजवीकडे कापूस कळला. डावीकडे त्यांनी लावला की नाही तेच मला समजेना. मी वाट बघत राहिले. शेवटी डोळे उघडले तर कापूस माझ्या गालावरच होता.

मग मी सगळं सांगितलं. शिट्टीचं, पाण्याच्या परीक्षेचं, "गेली" म्हटल्याचं. ते एवढंच म्हणाले, "रबर तरी नीट बसलंय ना?" आणि आम्ही दोघंही हसलो, आणि मग मी रडले.

कानाच्या डॉक्टरीणबाई शांत आहेत. त्यांनी बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले, मग डोक्याचा स्कॅन करून घेतला. ऐकण्याच्या नसेवर एक गाठ आहे. कॅन्सरची नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, आणि त्यानंतरचं मला नीट कळलंच नाही, बाबांनी घरी येऊन परत समजावलं. ती हळूहळू वाढते, पण मेंदूला टेकायला आलीय, काढावी लागेल. डावा कान बहुतेक कायमचा जाईल. चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते, ती "सांभाळायचा प्रयत्न करू" म्हणाल्या. हा "प्रयत्न करू" शब्द मी रोज घेऊन फिरते. आरशासमोर उभी राहून हसून बघते, दोन्हीकडून सारखं येतंय तोवर बघून घेते. बाबांनी डॉक्टरीणबाईंना एकही प्रश्न विचारला नाही. भाजीवाल्याचीही उलटतपासणी घेणारा माणूस. काल म्हणाले, "मी रोज लोकांचे गाल बधिर केले. पण ते परत जागे होणार हे मला ठाऊक असायचं." आणि चष्मा पुसत बसले.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. मला टेबलावर झोपायची भीती वाटते, आणि उठायचीही. पण ज्यासाठी लिहायला बसले ते हे नाही. काल स्कॅनचं बोलणं झाल्यावर बाबा म्हणाले, "तो आणखी सहा महिने बोटीवर राहतोय त्याला तुम्ही हो म्हटलंत, ते ठीक, पण आता त्याला कळवायला हवं." मी विचारलं, कसले सहा महिने? मागच्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी उजव्या हाताने भांडं ढवळत होते आणि फोन जुन्या सवयीने डाव्याच कानाशी धरला होता. तू बराच वेळ बोलत होतास. मला फक्त शेवटचं "चालेल ना?" ऐकू आलं. मला वाटलं, गाडीबद्दल विचारतोयस. मी म्हटलं, "हो, चालेल," आणि फोन बाबांना दिला. कप्तान, तू काय विचारलंस ते मला ऐकूच आलं नव्हतं. मला चालणार नाही. बाबा लगेच फोन करायला निघाले होते, मीच थांबवलं. त्या तुटक्या लाइनवर तुझं अर्धं बोलणं मला कळलं असतं आणि उरलेलं अर्धं मी घाबरून मनानेच भरलं असतं, म्हणून आधी सगळं सरळ लिहून काढलं. कराराच्या कागदावर सही केली नसशील तर करू नकोस, केली असशील तर जाऊन सांग की बायकोने नाही म्हटलंय. हे वाचून झालं की फोन कर. मी उजव्या कानाला धरेन.

तुझीच,
बडबडी