रिकामी नसलेली यादी

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू "बरं" म्हणून मोकळी होतेस, म्हणून कागदच घेतला. कंबर कशी आहे तुझी? भाचीला दात आले का? इकडे सकाळी इतकं धुकं असतं, की समोरची इमारत तरंगत आल्यासारखी वाटते. मीही हल्ली जराशी तरंगतेच.

आधी कामाचं सांगते. हरवलेल्या माणसांसाठी आम्ही एक वेब सर्व्हिस बांधतोय. दवाखान्यांकडे, निवारागृहांकडे अनोळखी माणसांची माहिती असते, पण प्रत्येकाच्या कॉम्प्युटरची तऱ्हा निराळी. कुणी वय लिहितं, कुणी जन्मसाल, कुणाकडे ओळखखुणेला जागाच नाही. म्हणून आम्ही एपीआयचं, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या रीतीचं, एक सर्वमान्य स्टँडर्ड घेतलं. कुठल्या पत्त्यावर काय विचारायचं, उत्तर कुठल्या साच्यात द्यायचं, हे त्याप्रमाणे आधीच लिहून ठेवायचं. मग एकमेकांची ओळखदेख नसलेली यंत्रंही नीट बोलतात. आमचे साहेब, आम्ही त्यांना दाढीवाले म्हणतो, म्हणाले, "घरात असं काही लिहून ठेवलं असतं तर माझा संसार टिकला असता!" आम्ही हसलो. तेही हसले, पण जरा उशिरा.

सर्व्हिस चालते का, हे बघायला कुठलं तरी वर्णन पाठवावं लागतं. मी दर वेळी एकच पाठवायची. उंच म्हातारा, डावा अंगठा वाकडा, बोलताना डोळे मिटतो, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळ्यांना वाटायचं, मी मनानंच रचलंय. उत्तरात रिकामी यादी यायची, म्हणजे असं कुणी कुठे नाही. काम बिनचूक झालं म्हणून दाढीवाले खूश, आणि मी चहाच्या निमित्तानं उठायची.

गेल्या महिन्यात समुद्राकाठचं एक निवारागृह आमच्याशी जोडलं गेलं. दुपारचं ऊन कीबोर्डवर सांडलं होतं. सवयीनं वर्णन पाठवलं. यादी रिकामी नव्हती.

ताई, बाबा सापडले.

तशीच उठून बस पकडली. तिथं सगळंच निळं होतं, भिंती, पाणी, आभाळ. कुठलं कुठं संपतं कळेना. बाबा व्हरांड्यात स्टुलावर बसून दारांवर खोल्यांचे आकडे रंगवत होते. अंगानं भरलेत. दाढी नीट केलेली. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "आजोबांचा काही त्रास नाही हो. नाव विचारलं की नुसते हसतात."

खोली हवेशीर आहे. जेवण वेळेवर मिळतं. खिडकीतून होड्या दिसतात.

त्यांनी मला ओळखलं नाही.

समुद्राकडे बघावं तसं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही थोरलीच्या मैत्रीण ना?"

"थोरली?"

"माझी मुलगी. रागावून गेलीय. येईल. आकडे उगाच रंगवतोय का? तिला खोली सापडायला नको?"

"तुम्हाला दोन मुली ना?" मी हळूच विचारलं.

"छे! एकच," डोळे मिटून म्हणाले. "पण दोघींच्या वाटणीची हट्टी."

खोटं कशाला बोलू, परतताना तुझा फार हेवा वाटला. तू घर सोडलंस, मी त्यांच्यापाशी राहिले. त्यांच्या गोळ्या, त्यांचा चष्मा, त्यांचे रुसवे, सगळं माझ्याकडे. आणि मनात राहिलीस तू. रडूही येईना. बस धुक्यातून जात होती, आणि वाटत होतं, मीच कुणाला तरी पडलेलं स्वप्न आहे.

आता दर रविवारी जाते. तुझ्याबद्दल विचारतात, मी सांगते. भाचीचं कळल्यावर ब्रश बाजूला ठेवून खुदकन हसले. घरी चला म्हटलं तर हलत नाहीत. "ती आली आणि मी नसलो तर?" परवा मात्र घाबऱ्या आवाजात म्हणाले, "विचारा ना तिला, येतेस का म्हणून."

म्हणून विचारते. येतेस का? तुमच्यात काय झालं होतं ते त्यांना आता आठवत नाही. तूही सोडून दे, असं कोणत्या तोंडानं सांगू? पण ये. तू हात धरलास तर ते उठतील. मी बाजूला उभी राहीन, आणि तेव्हा माझी वेगळी ओळख करून देऊ नकोस. ते गोंधळतील.

तुझी मैत्रीण,
धाकटी