अप्पांचं इंजिन आणि माझा टेबलक्लॉथ

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (खरंच वाकले, उठताना मात्र खुर्ची धरावी लागली). तुझा खोकला गेला का? नवा चष्मा लागला ना डोळ्यांना? वहिनीची तब्येत तिच्याच फोनवरून कळते, म्हणून ती तुला विचारत नाही.

तर बातमी अशी, की अप्पांच्या मोटरसायकलचं इंजिन तयार झालं! 'महिनाअखेर सुरू झाली नाही तर भंगारवाला पाठवतो,' असं तू बजावलं होतंस. तू पुढे टाकीवर, मी मागे अप्पांचा कोट घट्ट धरून, अशी आपली स्वारी शाळेत जायची. ती गाडी भंगारात किलोवर जाणार, ही कल्पनाच मला सोसवेना.

पण तुझ्या भाचीला नुसती दुरुस्ती कशी पुरेल? तिने सिलिंडरच आतून कापून मोठा करून आणला. मोठ्या सिलिंडरला मोठा पिस्टन हवा, एवढं मलाही कळतं. पण त्यातही दोन प्रकार निघाले, एक सपाट डोक्याचा आणि एक घुमटाचा. तिचं मन घुमटावर बसलेलं. (इतकी चोखंदळ ती स्थळं बघताना असती तर, असं हे म्हणाले. आम्ही दोघींनी नुसतं पाहिलं, तर पेपर घेऊन बाल्कनीत गेले.)

निवड ठरते कॉम्प्रेशनवर, म्हणजे पिस्टन वर येताना आतला वायू किती दाबला जातो त्यावर. घुमट असला की दाब जास्त. अती झाला तर इंजिन आतून ठोके देतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून आधी इंजिनाच्या हेडमधला, म्हणजे सिलिंडरच्या झाकणातला, खळगा मोजायचा. खळगा मोठा असला तर दाब कमी, मग घुमट चालतो. हेड उलटं ठेवून वर भोकाची काच बसवायची आणि नळीने रंगीत तेल सोडत खळगा भरायचा. हा कारभार झाला आमच्या जेवणाच्या टेबलावर, मी शाळेत भरतकाम केलेल्या टेबलक्लॉथवर, ज्याला सिस्टरनी सगळ्या वर्गासमोर 'व्हेरी नीट' म्हटलं होतं. तेल भरपूर मावलं. "खळगा मोठा आहे, घुमटवालाच घेऊ," म्हणत लेकीने ऑर्डर द्यायला फोन उचलला. मी टेबलक्लॉथची सुरकुती काढायला गेले, तर जांभळ्या फुलांत हा एवढा लाल डाग!

"अगं, मोठा कसला? गळतोय तो! तेल माझ्या फुलांत गेलंय!"

"आई, डागाचं नंतर बघू गं..." आणि एकदम फोन ठेवून तिने हेड उचलून पाहिलं. व्हॉल्व नीट बसत नव्हता. तेल तिथून झिरपत होतं आणि खळगा उगाच मोठा भासत होता. घुमटवाला घातला असता तर अप्पांच्या इंजिनाचे बारा वाजले असते. मग व्हॉल्व घासून बसवला, पुन्हा मोजलं आणि सपाट डोक्याचा आणला. कॉम्प्रेशन हवं तिथे, चोख. दादा, पदवी घेताना माझी मान एवढी ताठ नव्हती. येईल त्याला डाग दाखवते. टेबलक्लॉथ अजून धुतलेला नाही.

तुझी,
चिमी

ता. क. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग.

ता. क. इंजिन 'तयार' आहे असं लिहिलंय, 'सुरू' आहे असं नाही, हे तुझ्या वकिली नजरेतून सुटलं नसेलच. दाब इतका झकास बसलाय की किक खाली जातच नाही. लेक उडी मारून किकवर उभी राहते आणि तशीच उभी राहते. ह्यांना तर किकने परत पाठवलं. आमचं घरच काटकुळ्यांचं, त्याला इंजिन काय करणार?

ता. क. तुझं वजन आणखी वाढलं म्हणून वहिनी फोनवर काळजी करत होती. मला मात्र ऐकून फार बरं वाटलं. रविवारी येतोस ना?