पांढऱ्या तेरड्यापाशी

बाबा, तुमचा पांढरा तेरडा सापडला. त्याच दगडावर आहे, पाणी झिरपतं त्या भेगेत, सात झाडं. बोलताना मी तुम्हाला तू म्हणायचो, पण कागदावर तसं लिहायला हात धजत नाही. आधी फुलाचं सांगतो, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतं. पाकळ्या पांढऱ्या, आत जांभळट रेघ, मागची शेपटी लांब आणि खाली वळलेली, पानांच्या कडा करवतीसारख्या. चार फोटो काढले: अख्खं झाड, पानाची मागची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने. प्रत्येक फोटोत शेजारी माचिस ठेवली, लांबी कळावी म्हणून. तुमची पद्धत मोडली नाही. आता दुसरं लिहायचं आहे, आणि त्यासाठी मी किती दिवस झाले कागद पुढे घेऊन बसतो आणि उठतो.

फॉरेस्टातल्या साहेबांनी तुमच्या हाती तो छोटा कॅमेरा दिला तेव्हा गाव हसलं होतं. रोजंदारीवरचा माणूस, आणि पहाडीवर वाकून वाकून फुलांचे फोटो काढतो. पानठेल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, "काऊन भाऊ, फुलाइचं लगन जमवून राह्यला काय?" तुम्ही म्हणायचे, "हो, तुह्या पोरीसाठी पाहून राह्यलो." संध्याकाळी चुलीपाशी बसून तुम्ही फुलं सांगायचे आणि मी नोंदवहीत लिहायचो, कारण तुम्हाला सहीपुरतंच लिहिता यायचं आणि माझी शाळा दहावीत सुटली होती. माय भाकरी थापताना मधूनच म्हणायची की हे फूल आमच्या माहेरी गाईले देतेत, आणि तेही तुम्ही लिहायला लावायचे. एकदा एका वेलीचं नाव आठवेना, म्हणून मी अंदाजाने ठोकून दिलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी माझ्या तोंडावरून तुम्ही ओळखलं. वही बंद केली आणि म्हणालात, "ठाऊक नाई त ठाऊक नाई असं लिव. खोटं नाव देल्लं त उद्या कोनी ते पाला समजून खाईन." पुढच्या आठवड्यात वरोऱ्याहून येताना माझ्यासाठी जुना शब्दकोश घेऊन आलात, मागची पानं फाटलेला. 'व'च्या पुढचे शब्द मला अजून नीट येत नाहीत, तरी बाकीचे मी चुकू देत नाही.

साहेबांच्या पुस्तकात हिमालयातल्या रानजिरॅनियम नावाच्या फुलाचे फोटो होते. त्याचं बोंड पिकलं की बी लांब उडतं, असं साहेब सांगत होते. तुम्ही फोटोवर बोट ठेवून म्हणालात, "हे त आपल्या तेरड्याचं पाहुनं दिसते. हे बी हात लावू देत नाई." तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लावताच फुटतं, तो टिक असा आवाज तुम्हाला फार आवडायचा. शेताच्या बांधावरचा तेरडा गुलाबी. पण वर कड्यापाशी पांढरा आहे, असं तुम्हाला एका गुराख्याने सांगितलं होतं, आणि त्या भाद्रपदात तुम्ही त्याच्या मागे लागला होता.

जंगलातला नियम तुम्हीच मला शिकवला. एका हाकेला ओ द्यायची नाही, दोनला द्यायची नाही. आवाज ओळखीचा असला तर जास्तच नाही. चकवा माणसाचा आवाज घेतो, पण तीनदा हाक मारायचा धीर त्याच्यात नसतो. "मी असीन त तीनदा बोलावीन," तुम्ही म्हणायचे. "तिसरी आयकू आल्याबिगर जागचा हालू नोको."

त्या दिवशी मी एकोणीस वर्षांचा होतो. मोठ्या दगडाखाली पिशव्यांजवळ बसलो होतो आणि तुम्ही वर गेला होता. सकाळीच कॅमेऱ्यातली वेळ मी माझ्या मोबाइलवरून लावून दिली होती, मिनिटाचाही फरक नव्हता. दहाच्या सुमाराला ढग खाली उतरला आणि समोरचा सागाचा बुंधाही दिसेना. मग वरून तुमची हाक आली. "पोराऽऽ." मी उभा राहिलो. थोड्या वेळाने दुसरी, तशीच. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिसरीची वाट पाहत मी उभा आहे, अंगावर ढगाचं पाणी जमतं आहे, आणि तिसरी येत नाही. किती वेळ, ते मी मोबाइलवर पाहिलं होतं: चाळीस मिनिटं. मग मी वर न येता खाली गावाकडे पळालो. माणसं घेऊन आलो तेव्हा ढग उठला होता आणि तुम्ही कड्याच्या पायथ्याशी होता. पोलिसांनी विचारलं, काही ऐकू आलं होतं का? मी म्हणालो, नाही. मायने विचारलं, तिलाही नाही म्हणालो. नऊ वर्षं झाली, माझं उत्तर तेच आहे.

कॅमेरा फुटला होता. आतलं कार्ड मायने पिशवीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. आता तीच नोंदवही माझ्याकडे आली आहे, तेच रोजंदारीचं काम. पांढरा तेरडा नेमका कुठे ते कळावं म्हणून या वर्षी मी ते कार्ड मायकडे मागितलं. तिने पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "घे. पन मले नोको दाखवू." गोंडपिपरीच्या दुकानात उघडलं. शेवटी तेरड्याचे तीन फोटो होते, आणि चौथ्याच्या जागी अकरा सेकंदांचा व्हिडिओ. अंगठ्याखालचं लाल बटण तुमच्याकडून नेहमीच दाबलं जायचं. दुकानातल्या कॉम्प्युटरला आवाज नव्हता. फोटो आणि व्हिडिओ मी मोबाइलमध्ये घेतले, पण व्हिडिओ नेहमी आवाज बंद करून पाहिला. फूल, शेपटी, माचिस, तुमच्या नखाची कड. वेळ: दहा वाजून बारा मिनिटं. मी पहिली हाक ऐकली तीसुद्धा दहा बारालाच. त्या अकरा सेकंदांत तुमच्या हाका असतील तर त्या तुमच्याच होत्या, आणि मी खाली उभा राहून तुम्हाला मरू दिलं. नसतील तर मला चकव्याने बोलावलं होतं, आणि मी तुमचं ऐकून वागलो. आवाज उघडला नाही तोवर दोन्ही खरं होतं. मी तसाच राहत होतो.

परवा नव्या गार्डसोबत पहाडीवर गेलो. हा सिरोंच्याकडचा, आमची इथली बोली अर्धी आणि तेलुगू अर्धी बोलणारा, पायांनी जड. मोठ्या दगडाखाली, आपल्या पिशव्यांच्या जागेवर, तो बसला. "तू चढ. मी पानी भरतो इथी. घाई नोको करू, पहाडी कुठी पळून नाई राह्यली." मी एकटा वर आलो. ढग नव्हता, पण ऊनही नव्हतं. तेरडा दिसला तेव्हा मी मोबाइलमधला फोटो शेजारी धरून पाहिला. दगडावरचा पांढरा डाग तोच, भेग तीच. मी वाकलो होतो आणि माझ्या मागे बोंडं फुटत होती. टिक. मग थोडं पुढे, टिक. वारा नव्हता. कुणीतरी झाडांना घासत सावकाश चाललं की ती अशी ओळीने फुटतात, हे मला ठाऊक आहे. मी मागे पाहिलं नाही. चार फोटो पूर्ण केले आणि मग तिथेच बसून व्हिडिओ आवाजासकट लावला. घरी माय असते, म्हणून घरी लावता आला नसता.

तुमचा श्वास ऐकू येतो, बाबा. बिडीचा. एक बोंड फुटतं आणि तुम्ही हलकेच हसता. मग लांबून, खालून, हाक येते. "बाबाऽऽ." तुमचा श्वास थांबतो. पुन्हा येते. "बाबाऽऽ." आणि तुम्ही लगेच म्हणता, "आलो रे." माचिस उचलणारं तुमचं बोट दिसतं आणि संपतं.

मी हाक मारली नव्हती. देवाची शपथ घेऊन लिहितो, त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. पण आवाज माझा आहे. एकदा मोठ्याने आणि मग मोबाइल कानाला लावून, मी तो सहा वेळा ऐकला. ती हाक कोणाची, या रकान्यात मी तुम्ही शिकवलं तसंच लिहितो: ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तुमच्या आवाजाला मी दोन हाकांत ओ दिली नाही, आणि माझ्या आवाजाला तुम्ही तिसरीची वाट पाहिली नाही. नियम तुमचा होता.

थोड्या वेळाने गार्ड धापा टाकत वर आला. "काऊन बोलावलं?"

"मी नाही बोलावलं."

"अरे, तीन हाका आयकल्या म्हनून त आलो. दोनावर म्या हाललो बी नाई. आमच्याकडं बी तसंच हाय."

"मोबाइल वाजत होता," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, तेरड्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

नोंदवहीत पांढऱ्या तेरड्याचं पान पूर्ण झालं. पहिल्यांदा कोणी पाहिला, तिथे तुमचं नाव लिहिलं आहे. मायला व्हिडिओबद्दल सांगितलं नाही, सांगेनसं वाटत नाही. हा कागद वहीच्या पुठ्ठ्यात सरकवून ठेवतो, दुसरीकडे कुठे पाठवणार. फक्त एक राहिलं. मोबाइलमध्ये दोनच हाका आहेत, बाबा. गार्ड बरोबर बोलला. तिसरी मी मारली, आणि मारून झाल्यावर श्वास धरून बसलो होतो. कड्याच्या बाजूने ओ आली असती, तर मी आलो असतो.